हुबेहूब रस्ता

खांबेट्यांनी चिमट्यानं शेवटचा पेव्हर ब्लॉक चिकटवला. टेबलावरच्या त्यांच्या छोट्या रेल्वेला अखेर स्टेशनाबाहेरचा रस्ता मिळाला. काय तो गुळगुळीत!

"तीस वर्षं महापालिकेच्या रस्ते खात्यात काढलीत," काठी टेकत आलेल्या कुमुदबाई नवऱ्याला म्हणाल्या, "धड रस्ता मात्र आज केलात. माझा पाय मोडला तो फूटपाथ तुम्हीच पास केला होता ना?"

खांबेट्यांनी ऐटीत दिव्यांचं बटण दाबलं. रस्त्यावरचा एकही दिवा लागला नाही. वायरी खालून टाकायच्या राहूनच गेल्या होत्या.

त्यांनी सुरी घेतली आणि नवाकोरा रस्ता मधोमध उकरायला सुरुवात केली.

बाई कौतुकानं वाकल्या. "आता अगदी हुबेहूब झाला. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'ची पाटी तेवढी विसरू नका."