आईचा पट्टा

“चौथी कुठंय?” अनुराधाने विचारलं.

मुरलीधर खजुराच्या बुंध्याशी पट्टा आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

“ती काय, भिंतीला टेकवून ठेवलीय. तिचा पट्टा तेवढा आला नाही. अमेरिकेतच राहिला असेल.”

खोटं बोलायची सवय नसली की माणूस उगाच मोठ्याने बोलतो. मुरलीधर इतक्या मोठ्याने बोलला, की मागच्या दाराच्या पायरीवर बसलेल्या त्यांच्या लेकीने, इशितानेही वर बघितलं.

अनुराधाने पुढची स्टिक उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

हातभर लांबीच्या, ॲल्युमिनियमच्या चार स्टिक्स. पाय ठेवायला दोन्ही बाजूंनी खुंट्या. त्यांच्या मुलाने, सुजीतने, उन्हाळ्यात अमेरिकेहून सुट्टीवर येताना त्या सोबत आणल्या आणि इथे आखातात, खलिफा सिटीतल्या ह्याच अंगणात, ह्याच खजुरावर सगळ्यांना चढून दाखवलं होतं. स्टिक्स पाठीला बांधून झाडापाशी न्यायच्या. पहिली बुंध्याला आवळायची, तिच्यावर उभं राहून दुसरी, मग तिसरी, मग चौथी. आणि वर गेलं की कमरेच्या झोळीत बसून शिकारीसाठी तासन् तास हरणाची वाट बघायची. काय एकेकाचे शौक असतात!

“त्या मुक्या जनावरानं तुझं काय घोडं मारलंय रे?” अनुराधा म्हणाली होती.

“रिलॅक्स, आई. आय हॅवन्ट इव्हन शॉट वन येट!” सुजीत हसत म्हणाला होता.

खजुराच्या खरबरीत बुंध्यावर घासून एक पट्टा उसवला. नवा घेतो म्हणाला, तर आई ऐकते थोडीच. “टाकायचा कशाला चांगला धडधाकट पट्टा? आण इकडे.” तिने मशीन काढलं, निळा दोरा ओवला आणि पट्टा शिवून दिला. जाईपर्यंत पोरगं सगळ्यांना तो दाखवत होतं. “आईचा पट्टा सगळ्यात वर. द बेस्ट वन!”

नोव्हेंबरात त्याच्या मित्राचा अमेरिकेहून फोन आला. सुजीत झाडावरून पडला, जागीच गेला. सर्वांत वरच्या स्टिकचा पट्टा सुटला होता. कमरेचा दोर त्याने अजून झाडाला बांधला नव्हता. फोन मुरलीधरने घेतला, आणि बायकोला सांगितलं, पाय घसरला.

ह्या आठवड्यात मित्राने पाठवलेलं स्टिक्सचं खोकं ऑफिसच्या पत्त्यावर आलं. मुरलीधरने तिथेच, केबिनचं दार लावून, ते उघडलं. पट्टा बरोबर शिलाईवर दुभंगला होता. निळ्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. तो पट्टा त्याने पँटच्या खिशात घातला. टाकवत नव्हता आणि घरात ठेवायची सोय नव्हती. हे हिला कळलं तर ही जगणार नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

आणि आज शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, “त्या झाडाला लावा. तो कसा चढायचा ते मला बघायचंय.” त्याने दुपारपर्यंत नाना सबबी सांगितल्या. तिने एक ऐकली नाही.

तीन स्टिक्स लावून झाल्या. मुरलीधरने दोर तिच्या कमरेभोवती आणि बुंध्याभोवती घेतला, गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. अनुराधाने ओढणी कमरेला खोचली आणि चपला काढल्या.

“बाबा, प्लीज! स्टॉप हर!” इशिता रडायला आली.

“चढू दे तिला,” मुरलीधर म्हणाला.

सावकाश चढली ती. एकेका खुंटीवर दोन्ही पाय ठेवत, दोर वर सरकवत. तिसऱ्या स्टिकवर उभी राहिली आणि डोक्यावर हात नेऊन बुंध्याचा तो रिकामा भाग चाचपला, जिथे चौथी यायला हवी होती. तिथेच तळवा टेकवला. पोराला ताप आला की कपाळावर ठेवायची, तसाच. पलीकडच्या मशिदीतली अजान सुरू झाली, संपली. ती हलली नाही. खाली मुरलीधरने खिशात हात घातला आणि पट्टा मुठीत घट्ट धरला. त्याला वाटलं, आपण ओरडू की काय.

मग ती उतरली. गाठ तिची तिनेच सोडली आणि बुंध्याशी मातीतच बसली. मुरलीधर तिच्याशेजारी टेकला.

“पाय घसरला गं त्याचा. कुणाचाही घसरला असता.”

“हात काढा खिशातून.”

“अगं...”

“काढा म्हणते ना.”

त्याने हात काढला. तिने त्याची बोटं एकेक करून उघडली आणि पट्टा मांडीवर घेतला. निळे धागे बोटाने सारखे केले. रडली नाही. घरातल्या एखाद्या राहून गेलेल्या कामाबद्दल बोलावं, तशी बोलली.

“दोनच टिपा मारल्या हो मी. तिसरी मारणार होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.”