कोपऱ्यातले तारे

अर्धं घर डावीकडे.

लोकरीचा एक मोजा पूर्ण, दुसरा अजून सुयांवर.

चहावर धरलेली साय.

खूप उंचावर फिरणारी एक दुर्बीण, जिला आता कुणी हाक मारत नाही.

"फोटो आले का गं?" बाबांनी विचारलं.

"आले. आधी चहा घ्या, गार होतोय."

तिने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. काळोख, आणि त्यात विखुरलेले तारे. अवकाशातली दुर्बीण एकाच जागी नजर लावून बसते, पण तीही केसाएवढी सरकते. मग फोटोतला तारा आपलं बारीक चौकोनी घर सोडून शेजारच्या घरात जातो. जुना फोटो खाली, नवा वर ठेवायचा, ओळखीचा एक तारा धरायचा आणि वरचा फोटो हलवून जागेवर आणायचा. बाबांनी उभी हयात हेच केलं होतं.

"अडीच घरं उजवीकडे," ते म्हणाले. "बया झोपेत कूस बदलते."

बरोबर अडीच. पहाटे उठून तिनेच सरकवले होते.

दुर्बीण हिवाळ्यातच बंद झाली होती. त्याच आठवड्यात ती दवाखान्यातून सरळ माहेरी आली होती. बाळ पोटातच गेलं होतं. नवरा बोटीवर, आई कधीच गेलेली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका सकाळी बाबा दारात येऊन म्हणाले, "आज दुर्बिणीचे फोटो नाही आले?"

"बाबा, बंद झाली ना ती."

ते मटकन खाली बसले. दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच प्रश्न.

तेव्हा ती उठली. जुन्या फोटोंची डिस्क त्यांच्या टेबलावर समोरच पडली होती. लोकांच्या लग्नाच्या अल्बममधले नाक-डोळे कॉम्प्युटरवर जागेवर बसवण्यात तिची इतकी वर्षं गेली होती. तारे सरकवणं काय अवघड? आपलं खोटं उघडं पडलं तर हा माणूस पुन्हा ताटावरून उठेल, एवढीच तिला धास्ती.

बाबा हल्ली सगळंच विसरायचे. चष्मा, किल्ल्या, वार. तिच्या चहात साखर नसते हे मात्र पक्कं लक्षात. आणि बाळासाठीचा तो अर्धवट मोजा ज्या खणात होता, तो खण त्यांनी चुकूनही कधी उघडला नाही.

एका दुपारी ऑफिसात बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे काका आले. बाबा आत झोपले होते. तिने हळू आवाजात सगळं सांगितलं, फोटो दाखवले.

काका हसले. "अगं, दुर्बीण म्हणजे काय ड्रॉवर आहे, सरळ सरकायला? सरकताना ती जराशी वळतेही. मधले तारे कमी हलतात, कोपऱ्यातले जास्त. तुझे सगळे कवायतीला निघाल्यासारखे एकदम चाललेत! नवखं पोरही पहिल्याच दिवशी पकडेल. बाबा काही बोलले नाहीत?"

"नाही."

काका बिस्कीट चहात बुडवून तसेच बसून राहिले.

"मग... विसरले असतील," ते म्हणाले. बिस्कीट तुटून कपात पडलं.

ते गेल्यावर ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडली. ज्याला कोपरे आठवत नाहीत, त्याला आपण तरी किती दिवस आठवणार?

दुसऱ्या पहाटे तिने फोटो सरकवला आणि किंचित वळवलाही.

बाबा बराच वेळ कोपऱ्यांकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"आज शहाण्यासारखी सरकलीय."

"म्हणजे?"

"काही नाही. उद्याचे येतील ना?"

"येतील की."

"मग लवकर ऊठ हो," बाबा म्हणाले आणि त्यांनी गार चहा एका दमात संपवला.

हिवाळ्यातल्या त्या दुपारी दुर्बीण बंद करायची शेवटची आज्ञा बाबांनीच पाठवली होती, आणि खुर्चीतून उठता उठता ते शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले होते, "जुने फोटो एका डिस्कवर भरून दे रे. पोरगी उद्या घरी येतेय. सकाळी उठायला तिला काहीतरी लागेल."