डिश अजून फिरते

आमच्या अंगणातली दहा फुटी डिश, रिमोट दाबला की घरघरत एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे वळायची. शेजारच्या ड्वेनच्या ती डोळ्यांत खुपायची. ओमाहासारखं शहर सोडून तो आमच्या खेड्यात आला आणि गावसभेत तक्रार घेऊन गेला, "त्या टोपल्यामुळे माझ्या बंगल्याची शोभा जाते!"

मोठ्या डिशवरचे पैसे भरून बघायचे चॅनेल राहणार की जाणार, याची आम्हाला वर्षभर धाकधूक होती. गेल्या आठवड्यात ते बंदच झाले. माझा नवरा वर्लिन रिमोट हातात धरून काळ्या पडद्यापुढे नुसता बसून राहिला. ड्वेन मात्र कुंपणाशी येऊन खिदळला, "काय रे वर्लिन, वाजले का बारा? आता कोंबड्या पाळ त्या टोपल्यात!"

"बरं सुचवलंस," वर्लिन म्हणाला आणि शिडी आणायला गेला.



आता डिशच्या तोंडाशी टांगलेल्या पिंजऱ्यात आमचा कोंबडा असतो. रोज पहाटे तो आरवायच्या आधी वर्लिन पांघरुणातूनच रिमोट दाबतो, आणि डिश घरघरत वळून ड्वेनच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीवर कर्ण्यासारखी रोखली जाते.