शनिवारचं टेबल

दर शनिवारी दोघं नवराबायको हॉटेलात मेन्यूकार्ड उघडून बसायचे. सूप महागलं तेव्हा, “गरम पाण्याला कोण एवढे मोजणार?” म्हणत तिनं सूप बंद केलं. मग त्यानं ज्यूस सोडला, कारण निम्मा ग्लास बर्फच असतो. आइस्क्रीमवरून तर दोघांनी पाऊण तास वाद घातला आणि शेवटी तेही गेलं.

आज भाव पुन्हा चढलेले. “दोन कॉफी,” त्यानं सांगून टाकलं.

वेटरनं कार्ड उचललं. नवरा मिठाच्या डबीकडे बघत बसला. घरी आठवडाभरात दोघांत “दार लावून घे” एवढंच बोलणं झालं होतं.

तिनं कार्डाचं टोक धरलं. “हे राहू द्या.”

“आणखी काही मागवायचंय, ताई?”

“नाही हो. जरा बोलत बसायचंय.”