एकेकानं म्हणा

कुऱ्हाड मानेवर बसली आणि कालवड ओढ्याकाठी कोसळली. कधी जुवाखाली न गेलेली, कोवळी कालवड. आता पंचांनी तिच्यावर हात धुवायचे, ठरलेलं वाक्य म्हणायचं, की एफेरच्या खुनातून गाव सुटलं. मग मारेकरी कोण, हे विचारायला कुणालाच सवड होणार नव्हती.

एफेरची बायको शलोमीथ बायकांच्या घोळक्यातून पुढे घुसली. नवऱ्याचं प्रेत शिवारात सापडलं, तेव्हा या पंचांनी केलं काय? दोरी धरून अंतर मोजलं, कुठलं गाव जवळ, म्हणजे खुनाचा दोष कुणाच्या माथी, ते पाहिलं, आणि आपलंच निघालं म्हणून हळहळले. त्या दिवशी दीर ओहाद ओरबाडलेले हात घेऊन घरी आला, हे ती वेशीवर पंचांपुढे ऊर फोडून सांगत होती. तिला उत्तर मिळालं, "दोन साक्षीदार आण." आणि मूलबाळ नाही म्हणून, रिवाजाप्रमाणे, ती आता त्याच ओहादची बायको होणार होती.

"थांबा!" ती ओरडली. "एका सुरात म्हणू नका. एकेकानं म्हणा!"

"ए बाई, मागे हो," मुख्य पंच हूशाम खेकसला. "सगळ्यांनी मिळून म्हणायची रीत आहे. निवाडा वेशीवर झालाय."

शलोमीथनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि विधी चालवणाऱ्या याजक अमर्याचे पाय धरले. "याजकबाबा, वेशीवर यांचं चालतं. इथं तुमचं चालतं ना? मग चालवा की एकदा!"

अमर्याला पंचांशी वाकडं नको होतं. त्याच्या घरचं धान्य त्यांच्याच खळ्यांतून यायचं. त्यानं कालवडीकडे पाहिलं.

"एकेकानं म्हणा," शेवटी तो पुटपुटला.

हूशामनं दातओठ खात हात पुढे केले. "माझ्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, माझ्या डोळ्यांनी ते सांडताना पाहिलं नाही." दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. घडाघडा, पाठ केलेलं. शलोमीथचा धीर सुटत चालला. सगळेच म्हणून मोकळे होणार, आणि आपण जन्मभर ओहादच्या चुलीपुढे.

शेवटी राहिला तिचा सासरा यारीब. मेलेल्याचा बाप, आणि पंचही. त्याच्या हातांवर पाणी ओतलं गेलं.

"माझ्या हातांनी हे रक्त सांडलं नाही," म्हातारा म्हणाला. आणि थांबला.

"पुढचं," अमर्या म्हणाला.

यारीबचे ओठ हलले. आवाज फुटेना.

"अहो, पोटचा पोर गेलाय त्याचा!" हूशाम घाईघाईनं मध्ये पडला. "त्याच्या वतीनं आम्ही म्हणतो. चला."

"डोळे त्याचे आहेत," अमर्या म्हणाला. या खेपेला पुटपुटला नाही. "त्यालाच म्हणू दे."

यारीबची नजर गर्दीत कुणाला तरी शोधत गेली. तिकडे ओहाद मान खाली घालून उभा होता. शलोमीथ म्हाताऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी," ती कशीबशी म्हणाली, "काय पाहिलंत तुम्ही?"

म्हाताऱ्यानं सगळ्या गावादेखत सुनेपुढे ओले हात जोडले.

"पोरी, आता एकच उरलाय गं मला."