आंघोळ होईपर्यंत

"मृण्मयी, कॉम्प्युटरवर पत्ते काय खेळतेस? लढाईचं लाव! पाणी कोमट येतंय!" आबा बाथरूममधून नातीवर ओरडले.

बिनपंख्याची स्वस्त ग्राफिक्स कार्डं आल्यापासून घरोघरचे गीझर भंगारात गेले होते. कॉम्प्युटरमधलं कार्ड थंड करून तापलेलं पाणीच आंघोळीला यायचं; खेळ जितका भारी, तितकं पाणी गरम.

मृण्मयीने स्पर्धेची लढाई लावली. पाणी कढत झालं. बघता बघता एकच शत्रू उरला; आता एक गोळी, की ती जिल्ह्यात पहिली.

"एवढ्यात जिंकू नकोस! खेळ संपला की पाणी गार होतं, आणि मी साबणात आहे!"

तिने बोट आवरलं. पण समोरचाही गोळी झाडेना, नुसता झाडाभोवती पळत राहिला.

"मारत का नाही?" तिने माइकवर विचारलं.

पलीकडून एका बाईचा दबका आवाज आला, "आमच्या सासूबाई डोक्यावरून न्हातायत गं. अजून अर्धा तास तरी पळूया."