चिमटीतलं तेल

गाडी गल्लीत वळली आणि सुनेचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सासरे फाटकाशी उभे होते, खांद्यावर तेलकट फडकं टाकून. खरं तर दुपारच्या या वेळी ते गाढ झोपलेले असायचे. त्याच भरवशावर ती तासाभरासाठी निसटली होती.

नव्या गाडीचं पहिलं तेल बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी घरात शोरूमचं नावही काढू दिलं नव्हतं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तेल चोळून ते कुठलं आणि किती दिवसांचं हे सांगायचे, म्हणून सगळे त्यांना चिमटी मेस्त्रीच म्हणत. गाडीच्या पुस्तकात झिरो-वीस नंबरचं पातळ तेल लिहिलं होतं. "हे काय तेल आहे? पाणी आहे पाणी," असं म्हणून त्यांनी रविवारी स्वतःच्या हाताने वीस-पन्नास ओतलं, चांगलं दाट. तेव्हापासून रोज सकाळी गाडी चालू करताना इंजिन कुरकुरायचं आणि तिचा जीव टांगणीला लागायचा. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने हात वर केले. बाबांपुढे ब्र काढायची त्याची कधीच छाती झाली नव्हती.

म्हणून आज ती गुपचूप सर्व्हिस सेंटरला जाऊन, दाट तेल काढून, पातळ घालून आली होती. तिथल्या कारागिराने गाडीखालूनच विचारलं होतं, "आधी कोणी बदललं हे? तेल सोडायचा खालचा नट नुसत्या हाताने फिरला." मेस्त्रींच्या हातचा नट सैल राहणं शक्यच नव्हतं. हा आपलं उगाच काहीतरी सांगतोय, अशी तिने मनाची समजूत घातली.

"कुठे गेली होतीस गं?"

"पेट्रोल भरायला, बाबा."

"एवढा वेळ?"

"रांग होती."

"बॉनेट उघड. बघू दे, तेल कसं बसलंय."

"आत्ता? तापलीय हो गाडी. जरा गार होऊ द्या."

"तापलेल्या गाड्यांवरच जन्म गेला माझा," ते हसत म्हणाले. तिने नाइलाजाने खटका ओढला.

सासऱ्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली. मग पट्टीचं टोक चिमटीत धरलं आणि डोळे मिटले. ते नेहमीच डोळे मिटायचे. बोट अंगठ्यावर सावकाश फिरू लागलं. ती दाराचा कोपरा धरून उभी होती आणि एकाहून एक लंगड्या सबबी तिच्या डोक्यात येत होत्या. ते ओरडतील याची तिला भीती नव्हती. ते काहीच बोलणार नाहीत, पट्टी जागच्या जागी ठेवतील आणि परत म्हणून तिच्या गाडीला हात लावणार नाहीत, याची होती. याच माणसाने तिला गाडी शिकवली होती. तिने दोनदा फाटक ठोकलं, तरी शेजारी बसून एकदाही आवाज चढवला नव्हता.

त्यांनी डोळे उघडले.

"दाट आहे," ते समाधानाने म्हणाले. "बघ, कसं धरून बसलंय. शोरूमवाल्यांना काय कळतंय?"

तिचा जीव भांड्यात पडला. आपण सुटलो, एवढंच तिला कळलं, आणि हसू दाबायला तिने मान खाली घातली.

सासऱ्यांनी पट्टी आत सरकवली. ते आता रंगात आले होते. "संध्याकाळी शाळेची गाडी येतेय. ब्रेकचं काम आहे. लोक म्हणतात मेस्त्री म्हातारा झाला, पण पोरांची गाडी आहे म्हटलं की माझंच दार आठवतं त्यांना." बोलता बोलता त्यांनी बोटं इंजिनाच्या धातूवर टेकली आणि तशीच राहू दिली.

तिथेच मघाशी सर्व्हिस सेंटरमध्ये तिचा हात चुकून लागला होता. घरी पोहोचेपर्यंत बोट चुरचुरत होतं.

सासरे बोलतच होते. बोटं जागची हलली नाहीत. आणि तिला तो नट आठवला.

"बाबा, हात काढा."

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. हात काढला, तोही सावकाश. बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

ती मनगट धरून त्यांना अंगणातल्या नळाशी घेऊन गेली. गप्प राहिली असती तर तिच्या अंगाशी काहीच आलं नसतं. पण संध्याकाळी शाळेची गाडी येणार होती.

"बाबा, तेल मी बदलून आणलंय. आत्ता जे चोळून बघितलंत ना, ते पातळ होतं. झिरो-वीस." तिने त्यांचं मनगट सोडलं नाही. "आणि रविवारी तुमच्याकडून खालचा नट सैल राहिला होता."

ती बोलणी खायच्या तयारीत उभी राहिली. सासऱ्यांनी अंगठा बोटावर एकदा फिरवून पाहिला, मग पुन्हा एकदा, जरा जोर लावून.

"शाळेच्या गाडीचं..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

तिने नळ सोडला आणि त्यांची बोटं धारेखाली धरली. ते त्या धारेकडे बघत राहिले.

"पाणी गार आहे का गं?" त्यांनी विचारलं.